सहा इंची वीरांना किल्ला का मिळत नाही?

१९८५ साली अमेरिकेतल्या हॅस्ब्रो कंपनीनं 'जी. आय. जो' मालिकेतल्या पावणेचार इंची सैनिकांसाठी एक विमानवाहू जहाज बाजारात आणलं. नाव यूएसएस फ्लॅग, लांबी साडेसात फूट. म्हणजे घरातल्या साध्या कॉटपेक्षा सव्वा फूट जास्तच. किंमत साधारण ११० डॉलर, त्या काळात खेळण्यासाठी डोळे पांढरे करणारी. आज पन्नाशीच्या आसपास असलेल्या अमेरिकन पुरुषांसमोर या जहाजाचं नाव काढलं की त्यांचे सरळ दोन गट पडतात. ज्यांना मिळालं होतं ते अजून मिरवतात, आणि ज्यांच्या शेजाऱ्याला मिळालं होतं ते अजून कुढतात.

गंमत म्हणजे एवढं अवाढव्य जहाजसुद्धा मापात खोटंच होतं. निमिट्झ वर्गाचं खरं अमेरिकन विमानवाहू जहाज सुमारे ३३३ मीटर लांब असतं. पावणेचार इंची सैनिकाच्या मापानं, म्हणजे खऱ्याच्या अठराव्या हिश्श्यानं, ते बनवायचं तर साडेअठरा मीटरचं खेळणं झालं असतं. बारा मीटरच्या दीड बस एकामागे एक उभ्या केल्यासारखं. त्या मानानं फ्लॅग म्हणजे होडीच.

या दोन आकड्यांमध्ये, साडेसात फूट आणि साडेअठरा मीटर यांच्यात, सगळा विषय दडलेला आहे.

आधी शब्द समजून घेऊ. 'अ‍ॅक्शन फिगर' म्हणजे मान, हात, पाय, गुडघे हलवता येतील अशी प्लास्टिकची छोटी व्यक्तिरेखा. जमवणारे तिला नुसतं 'फिगर' म्हणतात, 'बाहुली' म्हटलेलं त्यांना आवडत नाही. आणि 'प्लेसेट' म्हणजे या फिगरनी जिथं राहायचं, लढायचं, कैद व्हायचं ती जागा: किल्ला, गुहा, तुरुंग, बुरुजाची गच्ची. आजचा संग्राहक मोठा माणूस असतो, कमावता असतो, आणि त्याच्याकडे साधारण पंचवीस डॉलरला एक या दरानं घेतलेले सहा इंची वीर चाळीस-पन्नास तरी असतात. ते काचेच्या कपाटात दाटीवाटीनं उभे असतात, दादरच्या फलाटावर लोकलची वाट बघत असल्यासारखे. त्यांना जायला जागा नाही. म्हणून दर वर्षी नवीन खेळणी जाहीर होण्याची वेळ आली की संग्राहकांचा एकच प्रश्न असतो: यांना घर कधी देणार?

कंपनी आळशी आहे, कंजूष आहे, तिला चाहत्यांची किंमत नाही, अशी उत्तरं लगेच तयार असतात. त्यात थोडं तथ्य असेलही. पण खरं कारण बरंचसं भूमितीत आहे, थोडं लोखंडात आणि उरलेलं हवेत.

माप

दिवाळीत अंगणात किल्ला केलेल्या कुणालाही हा प्रश्न नवा नाही. मावळा बुरुजाहून उंच, वाघ हत्तीएवढा, विहिरीत एक माणूसही मावत नाही, आणि सिंहासनावरचे महाराज सगळ्यांपेक्षा मोठे. मुलांना त्यात काही खटकत नाही, कारण तिथलं माप मानाचं असतं, फूटपट्टीचं नसतं. शिवाय माती फुकट असते. बुरुज छोटा पडला तर अजून दोन घमेली ओतायची.

संग्राहकाला मात्र फूटपट्टीचं माप हवं असतं. पावणेचार इंची फिगर साधारण १:१८ या मापात मोडते, सहा इंची फिगर १:१२ मध्ये. ऐकायला फरक छोटा वाटतो. फिगर दीडपट उंच झाली, एवढंच ना? पण तिची खोली लांबीला दीडपट, रुंदीला दीडपट आणि उंचीला दीडपट होते. फरशी सव्वादोन पट, आणि आतली पोकळी जवळजवळ साडेतीन पट. स्टार वॉर्समधलं मिलेनियम फाल्कन हे यान कथेत सुमारे पस्तीस मीटरचं आहे. त्याचा चालक हान सोलो; पावणेचार इंची हान सोलोसाठी ते खऱ्या मापात बनवलं तर एक मीटर नव्वद सेंटिमीटर होईल. सहा इंची हान सोलोसाठी दोन मीटर नव्वद. २००८ मध्ये हॅस्ब्रोनं छोट्या फिगरसाठी काढलेलं फाल्कन अडीच फुटांच्या थोडं वर होतं, आणि तेवढ्यावरच लोक हरखून गेले होते.

इतिहासही हेच सांगतो. १९६४ चा पहिला जी. आय. जो बारा इंची होता. त्याला जीप मिळाली, अंतराळवीराची कुपी मिळाली, पण विमानवाहू जहाज स्वप्नातही शक्य नव्हतं. मग १९७८ मध्ये केनर कंपनीनं स्टार वॉर्सच्या फिगर पावणेचार इंची केल्या. यानं विकायची होती, आणि यानात माणूस बसायचा तर माणूस लहान करण्यावाचून इलाज नव्हता. शिवाय १९७३ च्या तेलटंचाईनंतर प्लास्टिक महागलेलं होतंच. १९८२ मध्ये जी. आय. जो परत आला तोही पावणेचार इंची होऊनच, आणि तीन वर्षांत त्याला साडेसात फुटी जहाज मिळालं. माणूस आखडला तेव्हा त्याचं जग पसरलं.

नंतर उलटं झालं. मोठ्या झालेल्या गिऱ्हाइकाला चेहरा हुबेहूब हवा, कपड्याची चुणी दिसायला हवी, बोटं वेगवेगळी हवीत. म्हणून फिगर पुन्हा वाढली. स्टार वॉर्सची सहा इंची 'ब्लॅक सिरीज' २०१३ मध्ये आली. माणूस सुंदर झाला आणि बेघर झाला. मोठी यानं आजही निघतात ती बहुतेक पावणेचार इंची मालिकेतच, हा योगायोग नाही.

लोखंड

भोसरी-चाकणकडे मोल्डिंगच्या कारखान्यात काम केलेल्या वाचकानं हा भाग सोडून दिला तरी चालेल. बाकीच्यांसाठी सांगतो. प्लास्टिकचं खेळणं बनतं साच्यात. पोलादाचे दोन जड ठोकळे, त्यांच्यात कोरलेली पोकळी. ठोकळे एकमेकांवर दाबून धरायचे, दोनशे अंशांच्या वर तापवून पातळ केलेलं प्लास्टिक जोरानं आत सोडायचं, गार होऊ द्यायचं, ठोकळे उघडायचे, भाग बाहेर पाडायचा. याला एक 'शॉट' म्हणतात. गाडीचा बंपर असाच बनतो आणि जेवणाच्या डब्याचं झाकणही.

आत घुसणारं प्लास्टिक ठोकळ्यांना उघडायला बघतं. म्हणून मशीननं त्यांना दाबून धरावं लागतं, आणि हा दाब भागाच्या पसरटपणावर ठरतो. ढोबळ हिशेब असा, की दर चौरस इंचाला दोन ते पाच टन. फिगरचा हात चौरस इंचभरही नसतो, तेव्हा दहा-पंधरा अवयव एकाच साच्यात बसवून छोट्या मशीनवर निघतात. किल्ल्याची फूटभर लांब, फूटभर रुंद भिंत म्हणजे १४४ चौरस इंच. तीन टनांनी धरलं तरी सव्वाचारशे टनांच्या वरचं मशीन. त्या मशीनचा तासाचा दर वेगळा, साचा उचलायला क्रेन, आणि साच्याचं पोलाद किती ते विचारूच नका.

त्यातून सपाट भिंत हा साच्याचा सगळ्यात वाईट शत्रू. गार होताना प्लास्टिक आकसतं. खेळण्यांत वापरतात ते एबीएस प्लास्टिक साधारण अर्धा टक्का. तीस सेंटिमीटरला दीड मिलिमीटर. सगळीकडून सारखं आकसलं तर प्रश्न नव्हता. एक कोपरा आधी गार झाला, दुसरा मागाहून, की भिंत उन्हातल्या पापडासारखी वळते. मग तिला मागून आडव्या-उभ्या फासळ्या द्याव्या लागतात. त्या फासळ्यांच्या जागी पुढच्या बाजूला बारीक खळगे पडतात. म्हणून जुन्या प्लेसेटमध्ये ओबडधोबड दगडी किल्ले, गुहा, कवट्या, वेलींनी वेढलेले बुरुज इतके दिसतात. दगडाला थोडं वाकडं असण्याची मुभा असते. चकचकीत सरळ भिंतींचं अंतराळस्थानक करायला जा, म्हणजे कळतं.

आता पैसे. पुढचे आकडे फक्त हिशेब समजावा म्हणून मी धरलेले आहेत. समजा एका मोठ्या प्लेसेटच्या सगळ्या साच्यांना मिळून पाच लाख डॉलर लागले. हा खर्च एक नग विका किंवा लाख विका, तेवढाच राहतो. पन्नास हजार मुलांनी तो घेतला तर प्रत्येकाच्या वाट्याला साच्याचे दहा डॉलर येतात. पाच हजार संग्राहकांनी घेतला तर शंभर. प्लास्टिक, रंग, खोकं, मजुरी, वाहतूक, दुकानदार अजून यायचेच आहेत.

'पण फिगरलाही साचा लागतोच की' असं कुणीही म्हणेल. लागतो, पण तो साचा मालकाला आयुष्यभर कमवून देतो. आज निळा पोशाख घालून विकला, पुढच्या वर्षी काळा, त्याच्या पुढच्या वर्षी डोकं बदलून भलताच माणूस. १९८२ च्या ही-मॅन मालिकेत तर नायक ही-मॅन आणि खलनायक स्केलेटर यांची छाती एकाच साच्यातून निघायची. एकाच मुशीतले देव आणि दानव, हे आपल्याला पुराणातून पटलेलं आहेच. जी. आय. जोचे साचे तर अमेरिकेतलं काम संपल्यावर परदेशी निघाले. काही आपल्याकडे आले. १९८७ मध्ये एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून फनस्कूल सुरू झाली, आणि तिच्या गोव्यातल्या कारखान्यातून हे सैनिक भारतीय दुकानांत पोचले. रंग कधी कधी मूळ रंगांशी काही संबंध नसलेले. हेच 'चुकीचे' रंग आज परदेशी संग्राहक शोधून शोधून घेतात. जुना साचा असा देशोदेशी फिरून कमावत राहतो. साडेसात फुटी जहाजाचा साचा कुठे फिरणार? फ्लॅग काही गोव्यात बनलं नाही.

माझ्या मते सगळ्या प्रश्नाची किल्ली इथं आहे. फिगर पुन्हा पुन्हा विकत घेतली जाते, घर एकदाच. ज्याच्याकडे किल्ला आहे तो दुसऱ्या रंगातला किल्ला घेत नाही.

हवा

साच्याचा खर्च सगळे बोलतात. हवेचा कुणी बोलत नाही, आणि मला तो जास्त मजेशीर वाटतो.

प्लेसेट म्हणजे काय? चार भिंती आणि त्यांच्या आतली मोकळी जागा. मोकळी जागा हाच तर मुद्दा असतो, फिगर तिथंच उभी राहणार. पण ती मोकळी जागा चीन किंवा व्हिएतनामच्या कारखान्यातून अमेरिकेतल्या दुकानापर्यंत जहाजानं न्यावी लागते, आणि जहाजाचं भाडं वजनापेक्षा जागेवर ठरतं.

चाळीस फुटी कंटेनरमध्ये साधारण ६७ घनमीटर माल बसतो. सहा इंची फिगरचं खोकं दोन लिटरच्या आसपास धरा. अगदी फट न ठेवता रचली तर तीस हजारांवर खोकी. आता प्लेसेटचं खोकं धरा: सव्वा मीटर लांब, अर्धा मीटर रुंद, चाळीस सेंटिमीटर उंच. अडीचशेच्या वर थोडी बसतील. फिगरनी भरलेल्या कंटेनरमध्ये पंचवीस डॉलरच्या भावानं साडेसात लाख डॉलरचा माल आहे. पाचशे डॉलरच्या प्लेसेटनी भरलेल्यात सव्वा-दीड लाखांचा. भाडं दोन्हींचं सारखंच. २०२१ मध्ये कोविडच्या काळात आशियातून अमेरिकेला जाणाऱ्या कंटेनरचं भाडं दहा हजार डॉलरच्याही वर गेलं होतं. फिगरमागे ते तीस-पस्तीस सेंट. प्लेसेटमागे चाळीस डॉलर, आणि ते बहुतांशी हवेचे.

म्हणून किल्ला सुटा करून, भिंती एकावर एक ठेवून पाठवतात आणि घरी जोडायला लावतात. पण सुटं म्हणजे सांधे, सांधे म्हणजे आणखी साचे, आणि जोडलेली भिंत थोडी हलतेच. मग संग्राहक तक्रार करतात की पाचशे डॉलर देऊन भिंत हलते.

हवेशी भांडायची सगळ्यात चतुर पद्धत मला केनरच्या १९७८-७९ च्या डेथ स्टारमध्ये दिसते. स्टार वॉर्सच्या कथेतला डेथ स्टार म्हणजे एखाद्या छोट्या चंद्राएवढं गोल अंतराळस्थानक. केनरनं गोल बनवलाच नाही. केकचा एक उभा तुकडा कापावा तसा चार मजली काप बनवला: वर तोफ, मध्ये उद्वाहक, तळाशी कचऱ्याची खोली आणि तिच्यात स्पंजाचे तुकडे कचरा म्हणून. बाकीचा डेथ स्टार मुलानं मनात बघायचा. ब्रिटनमध्ये पॅलिटॉय कंपनीनं त्याहून काटकसर केली. तिचा डेथ स्टार छापलेल्या पुठ्ठ्याचा होता. पुठ्ठा सपाट पाठवता येतो, त्याला पोलादी साचा लागत नाही, आणि प्लास्टिकच्या भिंतीवर कधीच जमणार नाही एवढं चित्रकाम त्याच्यावर छापता येतं. तेव्हा तो गरिबाचा डेथ स्टार वाटला असेल. पुठ्ठा टिकत नाही, त्यामुळे आज धड उरलेला मिळणं मुश्कील आणि मिळाला तर महाग.

दुकानाच्या फळीचंही हेच. साडेसात फुटी जहाजाचं खोकं ठेवायला तेवढं मोठं दुकान लागतं. अमेरिकेत 'टॉईज आर अस'सारखी गोदामाएवढी खेळण्यांची दुकानं होती तोवर हे चालून गेलं. २०१८ मध्ये त्या साखळीनं अमेरिकेतली दुकानं बंद केली. किराणा आणि कपड्यांच्या मधल्या दोन रांगांत खेळणी ठेवणारा व्यवस्थापक फळीच्या प्रत्येक फुटाचा हिशेब मागतो. त्याला तिथं चाळीस फिगर टांगता येतात.

आधी पैसे, मग साचा

यातून काढलेली वाट म्हणजे आगाऊ नोंदणी. हॅस्ब्रोनं २०१८ च्या फेब्रुवारीत 'हॅसलॅब' नावानं ती सुरू केली. पहिली वस्तू होती स्टार वॉर्समधल्या जब्बा या खलनायकाची शिडाची नौका, पावणेचार इंची फिगरसाठी, चार फूट लांब, पाचशे डॉलरला. अट अशी की पाच हजार लोकांनी आधी नाव घालायचं, तरच बनवणार. साडेआठ हजारांच्या वर नावं आली. वर दिलेला पाच लाख डॉलरचा हिशेब आठवा. इथं गिऱ्हाइकांचा आकडा साचा कापायच्या आधीच हातात येतो. दुकानाची फळी नको, न खपलेला माल नको. आणि गिऱ्हाईक स्वतःच इतरांना 'तू नाव घातलंस का?' म्हणून मागे लागतं, हा फुकटचा फायदा.

पद्धत नवी वाटते, पण या धंद्यात ती मुळापासून आहे. १९७७ च्या नाताळात स्टार वॉर्सच्या फिगर तयारच झाल्या नव्हत्या, तेव्हा केनरनं चक्क रिकामं पाकीट विकलं. आत पुठ्ठ्याचा देखावा आणि एक कुपन: पाठवा, चार फिगर पुढच्या वर्षी घरी येतील. लोकांनी घेतलं.

पण आगाऊ नोंदणीनं एक अवघड गोष्ट उघड केली. २०२० मध्ये मार्व्हलचा सव्वीस इंची सेंटिनल रोबो काढला, हवी होती सहा हजार नावं, आली वीस हजारांच्या वर. पुढच्या वर्षी बत्तीस इंची गॅलॅक्टसला तीस हजारांच्या वर. याच काळात यानांनाही चांगला प्रतिसाद मिळाला. मोठं, महाग, घरात न मावणारं, सगळं लोकांना चालतं. मग नुसत्या जागेवर, खोलीवर, वाड्यावर कंपनी एवढ्या उत्साहानं पैज का लावत नाही?

माझा अंदाज असा, की जागेला चेहरा नसतो. गॅलॅक्टस हे पात्र आहे, त्याचं नाव घेऊन भांडता येतं. यानसुद्धा जवळजवळ पात्रच. पण 'तुरुंगाची मोठी खोली' यावर चारशे डॉलर काढायला हात थरथरतो, ज्याला ती मनापासून हवी असते त्याचाही. सगळ्यात लाडका प्लेसेट कोणता ते बघा. मॅटेलचा १९८२ चा कॅसल ग्रेस्कल. हिरवा दगडी किल्ला, आणि पुढच्या बाजूला अख्खी एक कवटी, तिचा जबडा म्हणजेच दार. त्या किल्ल्याला चेहरा आहे, म्हणूनच त्याच्या नव्या आवृत्त्या पुन्हा पुन्हा निघतात. अर्थात नोंदणीला दरवेळी यश येतंच असं नाही. २०२१ मध्ये स्टार वॉर्सच्या रँकॉर राक्षसाला नऊ हजार नावं हवी होती, ती भरली नाहीत, आणि त्याला तर चेहरा चांगलाच होता. किंमत आणि सोबत मिळणाऱ्या वस्तू यावर तेव्हा बरीच नाराजी होती.

भारतात बसून हे बघणाऱ्याची गोष्ट आणखी वेगळी. खेळण्यांवरचं आयातशुल्क २०२० च्या फेब्रुवारीत २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ मध्ये ७० वर. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यावर आयएसआय चिन्हही सक्तीचं, परदेशी कारखान्यालाही. देशी खेळण्यांच्या धंद्याला याचा आधार मिळाला असेल, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दोन-तीनशे लोकांना हवी असलेली वस्तू रीतसर आणणं कुठल्याच आयातदाराला परवडत नाही. मग न्यू जर्सीतल्या मावसभावाच्या सुटकेसचं माप विचारणं आलं. तिथंही हवाच आडवी येते. खोकं टाकून द्या म्हटलं तर संग्राहक आजारी पडतो.

सनबोर्डाचा वाडा

त्यामुळे बरेच जण शेवटी स्वतः घर बांधतात. याला 'डायोरामा' म्हणतात. आपल्याकडे गणपतीसमोर देखावा करणारा प्रत्येक जण तो कधी ना कधी करून बसलेला असतो. राज्यात २०१८ मध्ये थर्माकोलवर बंदी आली तेव्हा सजावटवाल्यांनी पुठ्ठा धरला. तोच पुठ्ठा आणि स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा सनबोर्ड इथं कामाला येतो.

इथं सहा इंची फिगरचं माप, ज्यानं कंपनीचा घाम काढला, ते एकदम सोयीचं होतं. १:१२ म्हणजे खऱ्या एका फुटाला एक इंच. कुठलाही गुणाकार नको. सात फुटी दार सात इंची कापायचं. दहा बाय बाराची खोली म्हणजे दहा इंच बाय बारा इंच. दोन फुटी शहाबादी फरशी म्हणजे दोन इंची चौकोन. जिन्याची पायरी साधारण सात इंच उंच असते, तिचा बारावा हिस्सा पंधरा मिलिमीटर, म्हणजे पाच मिलिमीटरच्या सनबोर्डचे तीन थर. हे मला कळलं त्या दिवशी मी एका बसणीत अकरा पायऱ्या चिकटवल्या.

हे माप खेळण्यातल्या घरांचं फार जुनं माप आहे. इंग्लंडच्या क्वीन मेरीसाठी १९२४ मध्ये पूर्ण झालेलं, आता विंडसर कॅसलमध्ये असलेलं बाहुलीघर याच मापात आहे. त्यात वीज आहे, नळाला पाणी येतं, लिफ्ट चालते, तळघरातल्या बाटल्यांत खरी वाईन भरलेली आहे. त्याचा वास्तुरचनाकार एडविन लट्येन्स, म्हणजे त्याच वर्षांत नवी दिल्ली उभारणारा माणूस. त्याला आगाऊ नोंदणी घ्यावी लागली नाही.

आणि माप जुनं असल्यामुळे सामानही घरातच सापडतं. आमच्याकडे आजीच्या भातुकलीतली पितळी भांडी एका डब्यात आहेत. त्यातला तांब्या मोठा पडतो, पाटा-वरवंटा तर फारच मोठा. पण घागर बरोबर इंचभर उंच आहे, म्हणजे खरी फूटभराची. सनबोर्डाच्या चौकात, जिन्याच्या तळाशी, मार्व्हलच्या वुल्व्हरिन या वीराच्या शेजारी ती अगदी शोभते. त्याच्या हातात द्यायचा प्रयत्न करून पाहिला. पण मुठीतून लांब नख्या बाहेर आलेल्या, त्यामुळे घागरीचा काठ धरता येत नाही. म्हणून ती त्याच्या पायापाशी ठेवली आहे.